चोरीची जास्वंद

मुलांनो, नंदुरबार तालुक्यात असं एकही कुंपण नसेल, ज्याने तुमच्या धानोऱ्याच्या आजीला रिकाम्या हाताने परत पाठवलं असेल. तुमच्या आईची आई, म्हणजे माझी विहीण, तशी सरळ बाई. कुणाच्या काडीला शिवणार नाही. पण फुलझाड दिसलं की तिचा हात आपोआप फांदीकडे जातो. "मांगेल फांदी जगत नही, चोरेलच जगस," हा तिचा धर्म. तिच्या अंगणातली कण्हेर, तगर, गुलाब हा सगळा चोरीचा माल, आणि सगळा बहरलेला. झाडांच्या आळ्यांत ती मिरचीचे वाळके देठ घालते, त्यामुळे तिच्याकडचे पाहुणे आधी शिंकतात, मग नमस्कार करतात. न फुलणाऱ्या झाडापुढे ती कोयता घेऊन उभी राहते. "औंदा फुलनी नही ते चुल्हामा जाशी!" झाडं बिचारी घाबरून फुलतात.

मी जन्मभर मुलींना इंग्रजी आणि शिस्त शिकवली. तिच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. एकदा एका साहेबांच्या बंगल्यावर आम्ही हळदीकुंकवाला गेलो होतो. निघताना हिच्या पदराखालून बोगनवेलीची हातभर फांदी डोकावली. घरच्या बाई बघतच राहिल्या. मी जमिनीकडे बघू लागले. ही शांतपणे म्हणाली, "तुम्हना झाडनीच मन्हा पदर धरा, मी काय करू?" तुमच्या आईबाबांचं ठरत होतं तेव्हा आमचं घर पाहायला आली, तेव्हाही चहा होईपर्यंत फाटकाजवळच्या केशरी दुहेरी जास्वंदीची फांदी हिच्या ओल्या रुमालात गेली होती. मी पाहिलं, पण नव्या नात्यापायी चहाचा कप पुढे केला. लाज मात्र मलाच वाटली.

ती जास्वंद तुमच्या आजोबांनी लावलेली. ते गेल्यापासून तिचं एक फूल रोज त्यांच्या फोटोपुढे असायचं. गेल्या उन्हाळ्यात तिला वाळवी लागली. बुंधा हलवला तर हातातच आला. तसं रोप नर्सरीत कुठेच मिळेना. ते आता एकाच अंगणात होतं.

मी रिक्षा करून धानोऱ्याला गेले. ही ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होती. मी रीतसर विनंती केली. हिने कानांवर हातच ठेवले. "मांगू नका इहीनबाई, मरी जाई ते! मी पाठ फिरावस, चोरी ल्या." आणि खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसली.

मी पर्समधून कात्री काढली. फांदी कापली आणि तेवढ्यात शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काय करी ऱ्हायनात वो बाई?"

"काही नाही, फुलं बघतेय," मी म्हणाले.

मागे न वळता ही ओरडली, "चोर शे वं ती! मन्ही इहीनबाई शे!"

सगळी गल्ली हसली. माझे कान घरी पोचेपर्यंत तापलेले होते.

फांदी जगली. काल पहिलं फूल आलं आणि फोटोपुढे गेलं. विहीणबाईंना मी कळवलेलं नाही; चोरीचे आभार मानले तर झाड सुकतं, असंही तीच म्हणते. हल्ली तिचे गुडघे धरतात, कुंपणापर्यंत जाणं होत नाही. परवा इथे आली तेव्हा माझ्या नव्या शेवंतीकडे नुसती बघत बसली. मी उठले, कुंडी तिच्या खुर्चीशेजारी सरकवली आणि पाठ फिरवून चहा टाकायला आत गेले. बराच वेळ टाकत राहिले.

तुम्ही याल तेव्हा तुम्हीही काही मागू नका.