घोंगड्यातला माणूस

चकलांब्याच्या सटवाला रस्त्यानं जाताना कुणीही लांबून ओळखतं. दहा पावलं चालला की गडी मागं वळून बघतो. पुन्हा दहा पावलं, पुन्हा मागं. पारावरची रिकामटेकडी मंडळी म्हणतात, "सासरी निघाल्याली नवरी बी एवढं मागं बघत न्हाई बे!" हसा लेकांनो, हसा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आठ वर्षांमागं मार्गशीर्षातल्या एका सकाळी सटवाचा धाकटा भाऊ बंकट मेंढरांच्या मागून असाच रस्त्यानं चालला होता. दाट धुकं पडलेलं, थंडी मी म्हणत होती. बंकटनं घोंगड्याची खोळ करून डोक्यावरून घेतली होती आणि पोटाशी एक नुकतं जन्मलेलं कोकरू धरलं होतं, म्हणून कमरेत वाकून चालत होता. मागून ट्रक आला आणि त्याला उडवून गेला. कोकरू वाचलं. बंकट जागच्या जागी गेला.

ठाण्यात त्या ट्रकचा ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "साहेब, माणूस दिसलाच न्हाई. घोंगडं दिसलं. मला वाटलं, पोतं पडलंय."

पोतं! अरे, तुझ्या डोळ्यांत काय माती गेलती? सटवा बाकावर बसून ऐकत होता. ते वाक्य त्याच्या कानात शिरलं ते आजतागायत बाहेर निघालं नाही. तेव्हापासून त्याची मान अशी झाली.

बंकटच्या मागं त्याची आईवेगळी पोर राहिली, ऋतुजा. दहावीला होती. सटवाला आणि त्याच्या बायकोला, साखराबाईला, पोटचं लेकरू नव्हतं. त्यांनी ती पोर कोकरागत जपली. घरातलं कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, आणि ही पोरगी बीडला जाऊन डिप्लोमा करून आली. बरोबरच्या सगळ्या पोरी पुण्याला गेल्या. ही मात्र गेवराईतच चिकटली. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडात विजयसिंह नावाच्या माणसानं एक कारखाना काढला होता, तिथं. विजयसिंह जमीनदाराच्या घरचा. बापानं पुढारपण केलं, पोरानं इंजिनियर होऊन गाड्यांचा नाद धरला. गाडी कसली, तर बिनड्रायव्हरची.

"बिनडायवरची?" सटवा पहिल्यांदा ऐकून कडाडला होता. "अन् तिनं कुणाला उडवलं तर पोलिस धरतील कुणाला? इंजिनाला का?"

"नाना, ती झोपत न्हाई," ऋतुजा म्हणाली. "दारू पीत न्हाई. मोबाईल बघत न्हाई. पण बाहेरच्या गाडीला आपला रस्ता कळत न्हाई. तिला कुठं ठाव हाय उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी? रस्त्यावर मळायला टाकलेली तूर? मेंढरं? म्हणून तिला इथंच शिकवावं लागतं."

शिकवायची रीत साधी होती. रस्त्यावरचे फोटो काढायचे, आणि कॉम्प्युटरवर एकेका वस्तूभोवती चौकट ओढायची. मेंढराला पिवळी, बैलाला निळी, माणसाला हिरवी. हजारो चौकटी ओढल्या की गाडीला ओळख पटत जाते. हे काम तीस बाया करत होत्या. त्यातली सायली तर दर दिवाळीला नवऱ्याबरोबर कोयत्यावर जायची, ऊसतोडीला, पोरांची शाळा अर्ध्यात मोडून. यंदा ती गेली नाही. पोरं पहिल्यांदाच सहामाहीनंतरच्या वर्गात बसली. सटवाला गाडीचं काही कळत नसलं तरी एवढं कळत होतं.

आणि एक गोष्ट तो कुणाला बोलला नव्हता. जगात एक तरी गाडी अशी व्हावी, जी म्हणणार नाही की माणूस दिसलाच नाही. एवढ्यासाठी तो कबूल झाला होता. गुरुवारी पुण्याहून मोठ्या कंपनीची माणसं गाडी बघायला येणार होती. गायरानाकडं जाणाऱ्या रस्त्यावर सटवानं आपली मेंढरं घेऊन गाडीपुढून चालायचं. गाडी आपोआप थांबली, तर कंपनी काम इथंच ठेवणार होती आणि अजून दोनशे बाया लागणार होत्या. नाही थांबली, तर शेडाला कुलूप, आणि ऋतुजा पुण्याला.

बुधवारी सकाळपासून आभाळ भरलेलं, भुरभुर चाललेली. साखराबाई मेंढरं घेऊन गायरानाकडं गेली आणि सटवा उद्याची वेळ विचारायला शेडात आला. घरात मोबाईल एकच, तो त्याच्या खिशात.

सायलीनं त्याला खुर्ची दिली. "बसा मामा. बघा तुमच्या लोकांचे फोटो."

सटवानं पडद्याकडं बघितलं आणि त्याला हसू फुटलं. "आगं, ह्यो गहिनीनाथ ना? लग्नाला निघाला का काय!"

एकेक फोटो पुढं सरकत होता. सगळे मेंढपाळ ओळखीचे, पण कसे? अंगाला पाणी लावलेले, पांढरंधोट धोतर, तांबडा पटका, घोंगडं घडी करून खांद्यावर. रस्त्याच्या मधोमध ताठ उभे, तोंड फोटोवाल्याकडं. दोघातिघांनी तर कपाळाला भंडारा लावलेला.

"फोटो काढायचाय म्हणल्यावर समदे आवरून आले की," सायली हसत म्हणाली. "ही बाई तर पेटीतली पैठणी नेसून आली."

सटवाही हसत होता. मग हसता हसता थांबला.

"डोक्यावर घोंगडं घेतल्याला कुणी हाय का गं ह्यात?"

"म्हंजी?"

"खोळ घेतल्याला. वाकून चालल्याला. पाठमोरा."

तोवर ऋतुजा मागं येऊन उभी राहिली होती. तिनं सायलीच्या हातातला माऊस घेतला. फोटो भराभर सरकले. शंभर, दोनशे, पाचशे.  एकही नव्हता.

"नाना, मोठीआई कुठंय?"

"गायरानाच्या रस्त्याला. कावून?"

"पप्पू गाडी घेऊन तिकडंच गेलाय. उद्याची तालीम करायला."

बाहेर भुरभुर चालली होती. अशा पावसात साखराबाईच्या डोक्यावर काय असणार, ते दोघांनाही सांगावं लागलं नाही. ऋतुजानं पप्पूला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. गाडीत बसणाऱ्यानं मोबाईल पेटीत कुलूपबंद ठेवायचा, हा नियम तिनंच केला होता. पप्पूचं काम एकच, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं आणि गाडी चुकली तर दाबायचा. पण पप्पू म्हणजे चांगला पोरगा असला तरी माणूसच. गेले दोन महिने गाडी एकदाही चुकली नव्हती.

ऋतुजानं मोटारसायकल काढली. सटवा मागं बसला. रस्ता निसरडा, पोर बेभान. आठ वर्षांत पहिल्यांदा सटवानं एकदाही मागं वळून बघितलं नाही. डोळे पुढं लागलेले. आई मेसाई, ह्या रस्त्यावर एक घेतलास, दुसरं मागू नको गं, एवढंच तो पुटपुटत होता.

वळणापलीकडं मेंढरं रानभर पांगलेली दिसली. गाडी रस्त्यात तिरपी उभी. आणि तिच्या तोंडापुढं, जमिनीवर, काळं घोंगडं.

 मोटारसायकल थांबायच्या आत सटवा उतरला.

घोंगडं हललं. आतून आवाज आला, "मेल्या, तुझं मढं बशिवलं! सरळ अंगावर घालतो व्हय रे?"

साखराबाई उठून बसली होती. ढोपर फुटलं होतं, बाकी सगळं ठीक. तिच्या मांडीत लंगडं कोकरू होतं. पप्पू घामानं निथळत गाडीला टेकून उभा होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. मेंढरं आली तशी गाडी शहाण्यासारखी थांबली. सगळा कळप पार होऊ दिला. शेवटचं मेंढरू गेलं आणि गाडी निघाली. साखराबाई मागं राहिली होती, कोकरू उचलायला वाकलेली. "मला वाटलं थांबंल. थांबंनाच. मग मी ब्रेक मारला, नाना. हातभर राहिली व्हती."

ऋतुजानं गाडीच्या पडद्यावरचं चित्रण मागं नेऊन लावलं. सगळ्यांनी बघितलं. एकूणएक मेंढरावर पिवळी चौकट. लंगड्या कोकरावरसुद्धा, ते घोंगड्याआड जाईपर्यंत. साखराबाईवर काहीच नाही.

"मेंढरं काय फोटोसाठी नटत न्हाईत, पोरी," सटवा म्हणाला.

आणि मग त्याचा राग उसळला. आठ वर्षांचा राग तो. त्यानं काठी उचलली, गाडीच्या कपाळावरच्या कॅमेऱ्याच्या काचेच्या डोळ्यासमोर नेली. पप्पू बाजूला झाला. ऋतुजा हलली नाही. ती रडत होती. "फोडा नाना. मीच शिकवलं तिला. माझ्या बापाला जे म्हणाला तो डायवर, तेच माझी गाडी म्हणाली."

काठी वर होती तशीच राहिली. सटवा त्या डोळ्याकडं बघत होता. त्या ट्रकच्या ड्रायव्हरला त्याला कितीदा तरी गाठायचं होतं, गचांडी धरून सांगायचं होतं, की बघ, घोंगड्यात माणूस असतो. तो कुठं गेला कुणाला ठाऊक. अजूनही कुठंतरी ट्रक चालवत असेल, आणि अजूनही त्याला पोतंच दिसत असेल.

"ही शिकती म्हनती ना तू?" त्यानं काठी खाली घेतली. "मग शिकव."

पण एवढ्यानं भागलं नव्हतं. दुपारी शेडात विजयसिंह आला. माणूस वाईट नव्हता, पण अडचणीत होता, आणि अडचणीत माणसाची अक्कल आखडते. "मामा, उद्याचा एक दिवस निभावून न्या," तो म्हणाला. "पांढरं धोतर नेसा, पटका बांधा, ताठ चाला. गाडी हमखास थांबेल. मग सावकाश सुधारू. तीस घरं चाललीत यावर."

सटवानं सायलीकडं बघितलं. ती खाली मान घालून बसली होती.  धोतर नेसायला काय लागतं? घरात धुतलेलं होतं.

"अन् परवा घोंगड्यातला माणूस पुढं आला तर?" त्यानं विचारलं.

 ऋतुजानं टेबलावरचा फोन उचलला आणि पुण्याला लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. "सर, उद्या येऊ नका. आमची गाडी पाऊस-थंडीत मेंढपाळाला ओळखत नाही. आज घरच्याच माणसावर गेली. दहा दिवस द्या."

  सायलीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"तुम्ही स्वतःहून सांगताय?" शेवटी पलीकडून आवाज आला. "ठीक आहे. दहा दिवस. अकरावा नाही."

मग जी तारांबळ उडाली! सटवा मेंढपाळांच्या वाड्यावाड्यावर फिरला. "आंघोळ करू नका! आवरू नका! हाय तसं या!" तरी गहिनीनाथ दाढी करूनच आला, त्याला सटवानं परत पाठवलं. बाया-माणसं वाकलेली, बसलेली, पाठमोरी, कोकरू घेतलेली, सगळी तशीच्या तशी टिपली. सायली आणि बाकीच्या बाया जेवायला उठेनात. सहाव्या दिवशी बुजगावण्याला घोंगडं पांघरून रस्त्यात उभं केलं. गाडीनं ते तुडवलं. सातव्या दिवशीही तुडवलं. आठव्या दिवशी थांबली. नवव्या दिवशी वीसदा थांबली.

दहाव्या दिवशी पुण्याची माणसं आली. बुजगावण्यानं त्यांचं समाधान होणार नव्हतं, आणि सटवाचंही नाही. "म्याच जातो," तो म्हणाला. साखराबाईनं त्याच्या अंगावर घोंगडं घातलं, खोळ नीट केली. ते बंकटचं घोंगडं होतं. 

"नाना," ऋतुजा म्हणाली, "पप्पूचा पाय ब्रेकवर हाय. पण एक करा. मागं वळून बघू नका. तोंड दिसलं तर तिनं तोंडाला ओळखलं, असं म्हणतील लोक."

हे सांगणं सोपं. करणारा सटवा होता.

त्यानं कोकरू पोटाशी धरलं, कमरेत वाकला आणि चालू लागला. मेंढरं पुढं पार झाली होती. मागं तो एकटा. दहा पावलं झाली, मान आपसूक वळायला लागली. त्यानं ती दाताखाली ओठ धरून आवरली. गाडी बॅटरीवरची, तिला आवाज म्हणून नव्हता. फक्त टायराखाली खडी करकरायची. ती करकर आता ऐकू यायला लागली. जवळ आली. अजून जवळ. बंकटनं ऐकलं असंल का हे?  कोकरानं अंग चोरलं. पळ सटवा, पळ, असं पाय म्हणत होते. त्यानं पायांचं ऐकलं नाही. एक पाऊल. अजून एक.

करकर थांबली.

तरी तो वळला नाही. ऋतुजा पळत येऊन गळ्यात पडली तेव्हाच त्यानं मान फिरवली. गाडी दहा हात मागं गुमान उभी होती. पप्पूनं दोन्ही पाय उचलून वर धरले होते, सगळ्यांना दिसावेत म्हणून. पुण्याची माणसं काहीतरी बोलत होती, विजयसिंह डोळे पुसत होता, सटवाचं तिकडं ध्यान नव्हतं. तो गाडीच्या खिडकीशी गेला. पडद्यावर एक वाकलेलं, पाठमोरं घोंगडं होतं. हात नाही, पाय नाही, तोंड नाही. त्याच्याभोवती हिरवी चौकट, आणि चौकटीवर काहीतरी लिहिलेलं.

"काय लिवलंय?"

"माणूस," ऋतुजा म्हणाली.

सटवा त्या अक्षरांकडं कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्यानं काचेवरून बोट फिरवलं.

"एवढंच?" तो म्हणाला. "बंकटला बी एवढंच पायजे व्हतं."