जामखेडला बाळंतपणाला गेलेली माझी बायको

दिवाळी अंकातल्या त्या लेखावर अख्ख्या श्रीगोंद्यात माझ्याइतकं कुणी चिडलं नसेल. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष गुप्तरोग लपवतात आणि जोडीदाराला देतात, असं त्यात छापलं होतं. सलूनमध्ये त्यावर खीखी चाललेली. अर्ध्या गालावर फेस घेऊन मी असं भाषण ठोकलं की आरसे तडकायचेच बाकी राहिले. अर्थात, ‘सणासुदीच्या अंकात असले घाणेरडे विषय छापतातच कसे’ या बाजूनं. मनातलं बोललो असतो तर वस्तरा गळ्याशी होता.

पण त्याच लेखात न दुखणाऱ्या, आपोआप बऱ्या होणाऱ्या फोडाबद्दलही होतं. तसला मला येऊन गेला होता. गुपचूप नगरचा सरकारी दवाखाना गाठला. रक्तात सिफिलिस निघाला.

समुपदेशक बाईंनी विचारलं, “दादा, लग्न झालंय?”

‘नाही’ म्हणून गप्प बसायचं. पण माझी जीभ! “झालंय की. लई गुणाची हाय.”

“मग त्यांनाही तपासावं लागेल. घेऊन या.”

“माहेरी गेलीय. जामखेडला.”

“परत कधी येणार?”

“पहिलं बाळंतपण हाय, ताई.”

बाईंचा चेहराच उतरला. “अहो, हे पोटातल्या बाळाला होतं! दगावू शकतं बाळ!” त्यांनी फोन उचलला. “जामखेडात कुठं? पत्ता सांगा. आजच तिथल्या आशाताईंना घरी पाठवते.”

उसात बिबट्यासोबत तंबाखू मळली, हेही मी लोकांच्या गळी उतरवलंय. पण माझ्या थापेपायी कुणी अशी घाईनं फोनकडं धावलं नव्हतं. मान वर होईना. ज्या लेखावर चिडलो, त्यातलं अक्षर न् अक्षर मी इथं बसून खरं करत होतो.

“फोन ठेवा, ताई. बायको न्हाई. बाळ न्हाई. एक गडी माणूस हाय.”

आता हसतील, असं वाटलं. त्यांनी विचारलं, “बाळ नाही? नक्की?”

“नक्की.”

त्या घटाघटा पाणी प्यायल्या. “मग त्यांना सांगा. आज, आत्ता.”

बाहेर लिंबाखालून त्याला फोन लावला.

“बोल, आज कसली थाप?” तो हसला.

मी सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं.

“फोड कधी आलेला?”

‘गेल्याच महिन्यात’ असं सोयीचं उत्तर ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

“पावसाळ्याआधी,” म्हणालो.