उज्ज्वल गजभियेची मंद आच

स्टुटगार्टच्या मराठी मंडळात उज्ज्वल गजभिये शिरला की बायका एकमेकींना कोपर मारत. माणसाआधी कडू बदामाचा वास आत येई. "प्रिया घरी मिठाई करते की नवऱ्यालाच पाकात टाकते?" असली चेष्टा चाले.

दोष त्याचा नव्हता, पीएचडीचा होता. मँगनीज ऑक्साइडची काळी भुकटी एका अल्कोहोलात ढवळायची. भुकटी अल्कोहोलचा हायड्रोजन ओढून घेते आणि मागं उरतं ते या वासाचं द्रव्य. ही क्रिया कुठल्या पायरीवर रेंगाळते, ते चार वर्षं शोधणं चाललेलं. सगळे म्हणत, हायड्रोजनचा बंध तुटतानाच. उज्ज्वलनं जड हायड्रोजनचं अल्कोहोल घेतलं. जडाचा बंध सावकाश तुटतो, तेव्हा वेग पडायला हवा. पडला नाही. म्हणजे जग चुकलं आणि वर्ध्याचा पोरगा बरोबर. पेपर छापून आला तेव्हा प्रियानं मंडळाला गुलाबजाम खिलवले. नावं ठेवणाऱ्यांनी जास्तच खाल्ले.

गडी मात्र भारी जपून वागणारा. कॉलेजात काच फुटली की डिपॉझिटातून कापून घेत. ती धास्ती जर्मनीतही सुटली नव्हती. फ्लास्कमधली ढवळायची चुंबकी कांडी तो कायम हळू फिरवी.

२००६च्या उन्हाळ्यात, उज्ज्वल प्रबंध बांधायला द्यायच्या बेतात असताना, शेजारच्या लॅबमधला पुणेकर श्रीरंग डोकावला.

"गजभिये, वरण तळाला लागलंय तुझं," म्हणत त्यानं कांडीचा वेग वाढवायचं बटण पिळलं.

"अरे, फुटेल ना."

"फुटू दे. जर्मनांकडं काचा पुष्कळ आहेत."

काच फुटली नाही. क्रियेचा वेग मात्र दुपटीवर गेला. उज्ज्वलनं मग दोन्ही अल्कोहोलं जोरात ढवळून पाहिली. साधं पुढं पळालं, जड मागं राहिलं. चार वर्षं त्यानं क्रियेचा वेग मोजलाच नव्हता. तळाशी बसलेल्या भुकटीपर्यंत अल्कोहोल किती रखडत पोहोचतं, तेवढंच मोजलं होतं.

"मी काही पाहिलं नाही हं," श्रीरंग पुटपुटला. त्याची जीभ आयुष्यात पहिल्यांदाच जड झाली असावी.

उज्ज्वलनं प्राध्यापकांना सांगितलं. ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर. "आल्झो," म्हणजे 'असं तर', एवढंच म्हणून त्यांनी मासिकाला पत्र लिहायला घेतलं. पेपर मागं घेतला गेला. नव्यानं सगळं करायला ना शिष्यवृत्ती उरली होती, ना व्हिसा. मंडळात मात्र वर्णनं रंगली: कोणी म्हणे स्फोट झाला, कोणी म्हणे पोरीचं प्रकरण. खरी गोष्ट इतकी साधी होती की कोणाला चघळवेना.

शेवटी वर्ध्याला फोन लागला. त्याच्या आईनं, गयाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं.

"मंग खरं काय ते तं समजलं ना बाप्पा तुले?"

"समजलं, आई."

"मंग त्याच्यावर देत नाही काय ते डिग्री?"

"ते लोकांना आधीच माहीत होतं."

उज्ज्वलनं फोन प्रियाच्या हातात दिला आणि बॅगा काढायला माळ्यावर चढला.