दीपनगरचा ढग

मी मूळची धुळ्याची, पण नोकरीची बरीच वर्षं दीपनगरजवळच्या प्राथमिक शाळेत गेली. दुसरीच्या पोरांना हवामान शिकवायला मला भारी आवडायचं. ओला रुमाल खिडकीत वाळत घातला की ऊन-वारा समजायचा. गरम पाण्याच्या पातेल्यावर थंड झाकण धरलं आणि थेंब टपकले की पाऊस समजायचा. मे महिन्याचं ऊन मात्र कधी शिकवावं लागलं नाही, ते इथल्या पोरांना पाठच असतं.

माझा एक नियम होता. चुकलं की बरोबर उत्तर पाच वेळा लिहायचं. कुणाची गय नाही.

एका वर्षी थंडीत धडा ढगांवर आला. ढग कोण बनवतं, मी विचारलं. एक मुलगी उठली, खिडकीतून दिसणाऱ्या वीजकेंद्राच्या रुंद टॉवरकडे बोट दाखवून म्हणाली, "ढग माझे पप्पा बनवतात."

वर्ग खो खो हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसले. तो ढग नाही, धूर आहे, असं ठणकावून सांगितलं आणि 'टॉवरमधून धूर निघतो' हे तिला पाच वेळा लिहायला लावलं. चार वेळा लिहून तिनं पेन्सिल खाली ठेवली. डोळे भरले होते. मी म्हटलं, "अजून एक राहिलंय." तिनं लिहिलं. मधल्या सुट्टीत डबा काही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील शाळेच्या फाटकाशी उभे. ते त्या टॉवरवरच कामाला. आता हे भांडणार म्हणून मी पदर खोचूनच गेले. पण माणूस बिचारा संकोचलेला. पप्पा, तुम्ही मला खोटं सांगितलं, असं म्हणून पोरीनं कालपासून अबोला धरला होता. मग त्यांनी मला समजावलं. उंच, बारीक चिमणी असते ती धुराची. रुंद टॉवरमध्ये गरम पाणी गार करतात. त्याची वाफ वर येते आणि थंड हवा लागली की तिचे बारीक बारीक थेंब होतात. म्हणून तर थंडीत ते पांढरं एवढं मोठं दिसतं.

अगं बाई, म्हणजे ढगच की तो! माझ्याच पातेल्यातली वाफ. इतकी वर्षं रोज समोर बघत होते आणि डोक्यात प्रकाश पडला नाही. अशी लाज वाटली म्हणून सांगू! आते काय करशी, आता काय करशील बाई, असं आमच्या अहिराणीत मनाशी म्हणत वर्गात गेले.

पोरांना सरळ सांगितलं की काल ही बरोबर होती आणि मी चुकले. हिचे पप्पा खरंच ढग बनवतात. झालं, सगळ्यांचा तिच्याशी बोलायचा सूरच बदलला. एकीनं तर लगेच मैदानावर सावलीसाठी एक ढग मागून घेतला.

ती मात्र हसली नाही. वहीचं कालचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मी समजले. खडू घेतला आणि फळ्यावर लिहायला लागले, 'टॉवरमधून वाफ निघते, तिचा ढग होतो.' पोरं मोठ्यानं मोजत होती. चौथी ओळ झाली तसे मी हात झटकले आणि म्हटलं, चला, पुस्तकं काढा.

"मॅडम," ती म्हणाली, "अजून एक राहिलंय." आणि कालपासून पहिल्यांदा हसली.