छबूताईंचा बुडबुडा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी छबूताईंनी माझा जेवणाचा डबा उचलला आणि सरळ पाण्याच्या टाकीत बुडवला. झाकणाच्या कडेनं बुडबुडे आले. "नापास," त्या म्हणाल्या. "आमटी सांडली असंल बघ पिशवीत." सांडली होतीच.

बिबवेवाडीतल्या आमच्या कारखान्यात स्कूटरचे दिवे बनतात. तयार दिव्यात हवा भरायची, तो पाण्याखाली धरायचा. बुडबुडा दिसला तर समजायचं, जोडात फट आहे, पावसात पाणी शिरणार. लोणी काळभोरहून येणाऱ्या छबूताई बल्बच्या जमान्यापासून हेच काम करत. "आधी बल्ब गेला तर बल्ब बदलायचा," त्या सांगत. "आता तुमच्या एलईडीत पाणी गेलं की अख्खा दिवाच फेकायचा. मग बोंब कुणाच्या नावानं? छबूच्या!" बुडवून बघायची सवय अशी जडलेली, की नातवाची पाण्याची बाटलीही सुटत नसे. "सून बघायला गेले तवा तेवढी बादली न्यायची राहिली," हेही त्याच सांगत.

मी आमच्या घरातली पहिली इंजिनिअर. हे मी अभिमानानं सांगते, आई तर कुणी न विचारता सांगते. मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते ही टाकी घालवायचं. नवं यंत्र हवेचा दाब मोजून फट शोधणार, दिवा भिजणारसुद्धा नाही. साहेबांची अट एकच: यंत्रानं पास केलेला प्रत्येक दिवा आठवडाभर छबूताई टाकीत बुडवतील, एक जरी बुडबुडा आला, तर यंत्र परत.

"वारं दिसतं व्हय कुणाला?" यंत्राभोवती एक चक्कर मारून छबूताई म्हणाल्या. "बुडबुडा दिसतो. आन टाकी गेली की मी काय खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसू?"

शनिवार उजाडला तरी एकही बुडबुडा नाही. मनातल्या मनात मी पेढे वाटून मोकळी झाले होते. आणि दुपारी, चहाच्या जरा आधी, आला. एकच, पण टपोरा.

"झालं तर मग," साहेब टाकीवर वाकून म्हणाले. "ताई, राहिली तुमची टाकी."

छबूताईंनी दिवा बाजूला ठेवला आणि नुसताच हात पुन्हा पाण्यात घातला. रबरी हातमोज्याच्या अंगठ्यातून बुडबुडे वर आले.

"हातमोजा नापास," त्या म्हणाल्या. "दिवा पास. आन ए इंजिनेरबाई, रडू नको. टाकीत पाणी हाय तेवढं बास हाय."

टाकी गेली. यंत्र चालवायला छबूताईच शिकल्या, पडद्यावर लाल खूण आली की "बुडबुडा!" असंच ओरडत. माझं म्हणाल, तर दुसऱ्याच्या कामात चूक दिसली की मी अजून आधी माझा हातमोजा तपासते.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्यानं त्यांना स्टीलची बाटली भेट दिली. टाळ्या संपायच्या आत त्यांनी झाकण घट्ट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी बादली भरूनच ठेवली होती.