तिसरी हाक

आमच्याकडे रानात गेलेल्या माणसाला हाक मारायची ती तीनदा. दोनवर थांबायचं नाही. आणि ज्याला हाक मारली त्याने पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. तिसरी आली की मगच द्यायची. आमच्या वैशाखरे गावाच्या वर, घाटाच्या पायथ्याला, आम्ही बायका लाकूडफाट्याला जातो तेव्हा झाडीत एकमेकींना दिसत नाही. माझ्या आईने मला लहानपणी सांगितलं होतं, रानात माणसाशिवाय दुसरंही हाक मारतं, पण त्याच्याजवळ दोनच हाका असतात. तिसरी असते ती माणसाची.

मी हे थोरलीला ती चालायला लागली तेव्हापासून शिकवलं. रानात नाव घ्यायचं नाही, नुसतं "पोरी गोऽऽ" म्हणायचं. ती करवंदीच्या जाळीमागे बोटं मोजत उभी राहायची आणि तिसऱ्या हाकेला अशी ओ द्यायची की पाखरं उडायची. मला त्याचं कौतुक वाटायचं.

थोरली सात वर्षांची आणि धाकटी तीन वर्षांची होती तेव्हा आम्ही जुन्नरला गेलो. दिवाळीची सुटी होती, भात कापून भाऱ्यांची उडवी रचून झाली होती. माझी नणंद तिकडे दिली आहे. ती दर वर्षी निरोप पाठवायची, पोरींना घेऊन या, जुनं गाव दाखवते. यांनी या खेपेला मनावर घेतलं. कल्याणहून येणारी जुन्नरची गाडी आम्ही वैशाखऱ्याला धरली. माळशेज चढताना धाकटी माझ्या अंगावर ओकली, थोरली खिडकीतून हलली नाही.

गाडीत हे थोरलीला सांगत होते. "ती खाच दिसते का डोंगरात? तो नाणेघाट. आपल्या गावातनं बैल माल घेऊन त्या वाटेनं वर जायचे."

"कुठं जायचे?"

"जुन्नरला. आपुन चाललो तिथंच. वाट एकच, आपुन नुसतं गाडीनं लांबून चाललो."

थोरलीने विचारलं, "मंग त्या वाटेनं अजून कोन येतं जातं?"

"आता कोन येनार? पोरं येतात सहलीला." असं म्हणून ते हसले. मी तेव्हा काही मनावर घेतलं नाही.

नणंदेचं घर बाजाराच्या मागे, दोन खोल्यांचं. दहा वर्षांत तिची बोली घाटावरची झाली होती. जेवताना ती मला म्हणाली, "वैनी, आता तोंड उघडा की! गाव बघायला आलाय का मौन धरायला?" तिचे यजमान हसले. मी आणखीच खाली मान घातली. परक्या घरात माझा आवाज निघत नाही. माहेरी असतानाही निघत नव्हता. रानात मात्र निघतो, तिथं कोणी बघत नसतं.

जेवणं झाली आणि नणंद आम्हाला जुन्या पेठेत घेऊन गेली. भर दुपार होती. सणाचे दिवस, सगळ्यांची पोटं भरलेली, दारं लोटलेली. आधी बाजारातला आवाज मागे येत होता, मग दोन वळणं घेतल्यावर तो बंद झाला. दगडी गल्ली अरुंद होती आणि मधून खाली गेलेली होती, पाण्याने किंवा पायांनी झिजल्यासारखी. काही घरांचे उंबरठे रस्त्याच्या खाली होते. दोन पायऱ्या उतरल्याशिवाय आत जाता येणार नाही असे. एका उंच दरवाज्याला हाताएवढे लोखंडी खिळे होते.

"हत्तीनं धडक मारू नये म्हणून," नणंद म्हणाली.

थोरली प्रत्येक खिळ्याला हात लावत होती. "आत्या, आत कोन राह्यतं?"

"कोण नाही. मेली सगळी."

"कधी?"

"लई वर्षं झाली."

"मंग दाराला हळदीकुंकू कोन लावतं?"

खरंच उंबरठ्याला ताजं कुंकू होतं. नणंद म्हणाली, लावत असेल कोणी शेजारचं, आणि पुढे चालू लागली. तिला आम्हाला पुढची घुमटी दाखवायची होती.

धाकटीच्या चपलेचा पट्टा निघाला. मी वाकून तो बसवला. तिच्या हातात चकली होती, ती तिने माझ्या डोक्यावर धरली होती आणि चुरा माझ्या केसात पडत होता. मी वर बघितलं तेव्हा हे आणि नणंद पुढच्या वळणाशी बोलत उभे होते. थोरली नव्हती.

आधी कोणी घाबरलं नाही. हे म्हणाले, "मागं खिळे मोजत बसली आसल." ते मागे गेले. तिथे नव्हती. मग नणंद घुमटीकडे पळाली. मला ते म्हणाले, "तू हितंच थांब. पोर फिरून आली तर हितंच येल." त्यांच्या हाका मला ऐकू येत होत्या. ते एका कोपऱ्यावर एकदा हाक मारायचे आणि पुढच्या कोपऱ्याकडे धावायचे. मग त्या हाकाही लांब गेल्या.

गल्लीत मी आणि माझ्या कडेवर धाकटी. मी हाक मारली.

"पोरी गोऽऽ!"

भिंतींनी ती परत दिली. मी थांबले, जसं रानात थांबतात तसं. मग दुसरी मारली, मोठ्याने. माझा आवाज त्या गल्लीत इतका मोठा झाला की मलाच तो कोणा दुसऱ्या बाईचा वाटला.

वर माडीची खिडकी उघडली. एक बाई बघत होती, तिच्यामागे दोन तरण्या पोरी.

"काय झालं वो? कोणाला बोलावताय? आमचा म्हातारा आत्ता कुठं झोपलाय."

मागची एक पोर तोंडाशी हात नेऊन हळूच "गोऽऽ" म्हणाली आणि दुसरी हसली.

मी म्हणाले, "काय नाय."

माझी पोर सापडत नव्हती आणि मी काय नाय म्हणाले. बाईने खिडकी लावली. मी पदर तोंडात धरला आणि समोरच्या पायरीवर बसले. तिसरी हाक माझ्या गळ्यात होती, तिला मी बाहेर येऊ दिलं नाही. खिडकी पुन्हा उघडेल असं वाटत होतं. यांचा आवाज आला की मारू, असं मी मनाशी म्हणत होते.

किती वेळ गेला ते मला नीट सांगता येत नाही. धाकटीने हातातली अख्खी चकली खाल्ली, एवढं आठवतं. ती सावकाश खाते, एकेक वेढा तोडून. शेवटचा तुकडा तोंडात घातला, चावायची थांबली, मान वर केली आणि खणखणीत म्हणाली, "ओ!"

मी दचकले. "कोनाला गो ओ देतेस?"

तिने बोट दाखवलं. समोरच्या भिंतीत बसकी कमान होती, मी तिला आतापर्यंत कोणाच्या तरी गोठ्याचं दार समजत होते.

"आये हाक मारते," ती म्हणाली.

ती माझ्या मांडीवर बसली होती. माझ्या तोंडात पदर होता.

मी तिला उचलून कमानीतून आत गेले. आत बारव होती. पायऱ्या खाली खाली जात होत्या आणि तळाशी पाणी होतं. ते मला आधी पाणी वाटलंच नाही, वर शेवाळ इतकं सपाट बसलं होतं की हिरवी जमीन वाटावी. थोरली पार खाली होती. एक पाय पायरीवर आणि दुसरा पुढची पायरी चाचपत होता. पुढची पायरी त्या हिरव्याच्या खाली होती. ती तशीच थांबली होती आणि मान वळवून वर बघत होती.

मला तिला हाक मारायची हिंमत झाली नाही. हाकेचा भरवसाच गेला होता. मी एका हाताने भिंत धरून, कडेवर धाकटीला घेऊन, एकेक पायरी उतरले आणि तिचं मनगट धरलं. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं उघडी होती.

वर आल्यावर मी तिला मारलं. मग जवळ घेतलं.

"मी लपली नव्हती," ती रडत म्हणाली. "पायऱ्या मोजाया आली. तू दोनदा हाक मारलीस. मी उभी राह्यली तिसरीची वाट बघत. तू लई वेळ मारलीच नाय. मंग मारलीस. पन खालनं आली. मना वाटलं तू दुसऱ्या वाटेनं खाली गेलीस."

"मंग ओ का नाय दिलीस?"

"देनार होती. हिनं आधी दिली."

हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी बारवेत वाकून एकदा "होऽऽ" केलं. आवाज खाली गेला, फिरला, वर आला. "बघ. घुमतो. तुझीच हाक खाली जाऊन परत आली. आन तू तिसरी का नाय मारलीस? रानात तर डोंगर हालवतेस!"

"बाई बघत व्हती," मी म्हणाले.

त्यांना हसू आलं, मग त्यांनी थोरलीच्या ओल्या पायाकडे बघितलं आणि तिला उचलून घेतलं.

आवाज घुमतो हे मलाही कळतं. पण घुमलेला आवाज एक चकली खाऊन होईपर्यंत खाली थांबून राहत नाही. मी दोन हाका मारून सोडून दिल्या होत्या. त्यांना कोणीतरी आपली एक जोडली. आईने सांगितलं होतं ते खोटं नव्हतं, त्याच्याजवळ दोनच असतील. पण त्या दिवशी त्याला एकच पुरली, बाकीच्या मी दिल्या.

दुसऱ्या दिवशी घाट उतरताना मला ती डोंगरातली खाच दिसली. वाट एकच, हे यांचं बोलणं आठवलं. मी पोरींना खिडकीपासून आत ओढून घेतलं.

घरी आल्यावर मी चुलीशी बसवून दोघींना सांगितलं, आता मोजायचं नाही, आणि आई डोळ्यांना दिसल्याशिवाय ओ द्यायची नाही. थोरलीने ते पाळलं. तिचं लग्न होऊन ती आता धसईला आहे, तिचं पोर हाक मारतं तेव्हा ती आधी दारात येऊन बघते. धाकटीला ते तेव्हा समजलं नाही, ती लहान होती. आणि ओ तिने देऊन टाकली होती.

ती पाच-सहा वर्षांची असताना माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. ओट्यावर खेळत होती, मी आत भाकऱ्या थापत होते. ती म्हणाली, "ओ!" आणि आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "काय गो आये?" मी हाक मारली नव्हती. माझ्या तोंडून निघालं, "पानी दे." तिने दिलं. तेव्हापासून तसंच चाललं आहे. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, बहुतेक दुपारीच. मी दर वेळी म्हणते, हो, मीच बोलावलं. ती हाक माझी आहे असं मी म्हटलं की ती दुसऱ्या कोणाची राहत नाही, असं मला वाटतं. म्हणून मी घर सोडून कुठे राहायला जात नाही. नणंद अजून दिवाळीला बोलावते. मी काही ना काही कारण सांगते.

धाकटी आता टोकावड्याला शाळेत जाते. बारावी झाली की कल्याणला नर्सचं शिकायला जाईन म्हणते. हे तयार आहेत. मी काही बोललेले नाही. तिथे दुपारच्या वेळी तिने ओ दिली तर, हो, मीच, असं कोण म्हणणार, हे मला यांना सांगता येत नाही.

परवा आम्ही दोघी पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. तिने मान वर केली.

"ओ!"

मग माझ्याकडे बघितलं. "तूच ना?"

"हो, मीच. जरा पानी दे."

ती उठली, आत जाऊन तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला. पुन्हा बसली नाही.

"आये, दर टायमाला तुला पानीच कसं लागतं गो?" ती हसत म्हणाली. मग हसू थांबवून, सूप हातात घेत, सहज विचारल्यासारखं, "आन तू वर बसलेली असतेस तरी तुझा आवाज खालनं कसा येतो?"

"बसून बोलते म्हनून," मी म्हणाले, आणि तांब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.