दर्याकडे तोंड करून इंग्रजी

एका जिवंत माणसाला मी चौदा जणांकडून, एका सुरात, तीन वेळा मेलेला म्हणवून घेतलं. तेही इंग्रजीतून.

तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं त्या वर्षांतली ही गोष्ट. तिथे गोरे इंजिनियर आले होते आणि ज्याला चार वाक्यं इंग्रजी येतं त्याला फावड्याऐवजी स्टोअरमध्ये काम मिळतं, अशी बातमी पालघरभर झाली होती. मी घाटावरून आलेला नवा मास्तर. पालघरच्या शाळेच्या एका खोलीत संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग काढला.

त्या दिवशी धडा होता 'बी' आणि 'बिकम'चा. फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे होणं, उजवीकडे असणं. व्हायला वेळ लागतो, असायला लागत नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं. उदाहरणं देता देता चेव आला आणि तीन वाक्यं लिहून टाकली. माय फादर बिकेम ओल्ड. माय फादर बिकेम इल. माय फादर इज डेड. वर आणखी शहाणपण, की रेघेच्या पलीकडे गेलेला परत येत नाही.

पहिल्या बाकावरून जवळच्या किनाऱ्यावरच्या माहीमचा एक तरुण उठला. कोळ्याचा मुलगा, रोज सायकल मारत यायचा.

"गुरुजी, दुसरं कायतरी द्या. बापूस दर्यात हाय. दिवेलागण झाली."

"वास्तुपुरुष तथास्तु म्हणेल म्हणतोस?"

"म्हणतोच तो."

"तो इंग्रजी शिकलेला नाही. बोल."

वर्ग हसला. तो खाली बघून बोलला. मग उच्चार पक्के व्हावेत म्हणून मी सगळ्यांना बोलायला लावलं, तीन वेळा. तिसऱ्यांदा हात वर केला, सगळे थांबले, आणि मागून कुणीतरी चौथ्यांदा म्हणालं, 'इज डेड'. शांत, स्वच्छ आवाज. कोण ते, म्हणून मी कंदील उचलला. शेवटच्या दोन बाकांवर कुणी बसलेलंच नव्हतं. खिडकी उघडी होती. बाहेरून कुणी थट्टा केली असेल असं ठरवून मी हजेरी घेतली आणि नेहमीपेक्षा लवकर घर गाठलं.

पुढे तीन दिवस तो कोळ्याचा मुलगा वर्गाला आला नाही. चौथ्या दिवशी कळलं, त्याच्या बापाची होडी दुसऱ्याच सकाळी लागायची होती, अजून पत्ता नाही. बरोबरच्या होड्या कधीच परतल्या होत्या. मी सायकल काढली.

त्या घरात 'आला नाही' असं कुणी म्हणत नव्हतं. शेजारीण विचारायची, तर आतून उत्तर, "येतोय." पोरं विचारायची, "येतोय." चार दिवस माणूस नुसता येत होता. होण्या-असण्यातला जो फरक मी वर्गात फळा भरभरून सांगत होतो तो या घराला आधीच येत होता.

त्याची आई ओट्यावर बसली होती. मुलाने तिला सगळं सांगितलेलं होतं. माझ्यासारख्या माणसाला शिव्या बऱ्या वाटतात. तिने त्या दिल्या नाहीत.

"मास्तर, ज्या तोंडानं बोल्लात त्याच तोंडानं मागं घ्या. त्याच टायमाला. आन् त्याच भाशेत."

"बाई, असं काही नसतं," मी म्हणालो.

"मंग घ्यायला काय जातंय तुमचं?"

दिवे लागायच्या वेळेला आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. पाण्यावर धुकं इतकं, की लाट फुटल्यावरच दिसायची. ती माझ्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून उभी राहिली; मी पळेन हे तिने ओळखलं असावं.

मी धुक्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "ही इज नॉट डेड." आणि वर्गातल्या सवयीने थांबलो.

पाण्यावरून उत्तर आलं. ही इज नॉट डेड. पुष्कळ जणांचं, एका सुरात.

मी मागे बघितलं. मुलाचे ओठ मिटलेले होते. समोर डोंगर नाही, भिंत नाही. आवाज परत पाठवायला काय होतं तिथे? माझ्या पायाखालची वाळू सरकत होती. सदऱ्याला हिसका बसला.

"थांबू नका," ती म्हणाली.

"ही इज कमिंग."

ही इज कमिंग, पाणी म्हणालं.

आता डोक्यातली रेघ पुसली गेली होती, डावं-उजवं कळेना. मी ओरडलो, "ही बिकेम अलाइव्ह."

या वेळी उत्तराला थोडा वेळ लागला. मग सगळ्यांनी मिळून, सावकाश, एखाद्या ढ मुलाला सांगावं तसं म्हटलं, ही इज अलाइव्ह.

त्यानंतर मी काय काय ओरडलो ते आठवत नाही. पाढे म्हटले असतील. घसा बसेपर्यंत थांबलो नाही, कारण थांबलं की ते बोलत होते. बऱ्याच वेळाने वल्ह्यांचा आवाज आला आणि धुक्यातून मोडक्या डोलकाठीची होडी पुढे सरकली. तीन माणसं. पुढच्या टोकाला, नाळेवर, बाप.

त्याला हाताला धरून उतरवलं. बायकोने तांब्या दिला, त्याने तो एका दमात संपवला, आणि मला आपादमस्तक बघून मुलाला विचारलं, "मगापासून वरडत होता तो हाच?"

"आमचे गुरुजी."

"आन् बाकीचे?"

"बाकी कुनी नव्हतं, बाबा."

म्हातारा मागे धुक्याकडे बघत राहिला. "होते. दोन्ही बाजूनं होते. आमी चार दिस त्यांच्याच मागं फिरतोय, किनाऱ्यावरचे लोक समजून. आज कळंना, खरं माणूस कुठलं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्यांचं सगळं कसं सुरात, येवस्थित. तुमचं लई भिकार होतं, मास्तर. म्हनलं, जिवंत हाय तो हाच."